अडथळा काढला

सकाळी साडेनऊच्या सुमारास मी एका माणसाला मारलं. ओळख ना पाळख. चष्म्याच्या दुकानाचा मालक होता. फुटपाथवर उभा राहून कानाला फोन लावून कुणाशी तरी हसत बोलत होता आणि दुसऱ्या हातातल्या रिमोटने झाडलोटीपुरतं उघडलेलं शटर खाली घेत होता. शटरखाली एक बाई ओणवी होऊन उंबरा पुसत होती. शटर गुरगुरत उतरत होतं आणि मालकाची पाठ दुकानाकडे होती. बाईच्या पाठीपासून हातभर उरलं तेव्हा ती आपली आपण बाहेर सरकली, फडकं बादलीत पिळलं, झालं. काहीसुद्धा घडलं नाही. मी मात्र तोवर रस्ता ओलांडायला लागलो होतो, एक गाडी करकचून थांबली होती आणि आतल्या माणसाने माझ्या आईचा उद्धार केला होता. "मागे बघितलंस का?" मी मालकाला विचारलं. तो फोनमध्ये "एक मिनिट हं" म्हणाला आणि माझ्याकडे वळून "काय दाखवू?" म्हणाला. दुकानदारच तो, त्याला वाटलं गिऱ्हाईक. मी त्याच्या तोंडावर बुक्की मारली. त्याचा चष्मा फुटला, माझी बोटं फुटली, त्याच्या वरच्या ओठातून रक्त आलं आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. बारा दिवसांत पहिल्यांदा छातीत हवा गेल्यासारखी वाटली. दुसरी बुक्की मारायला हात मागे घेतला तेव्हा ती बाईच फडकं घेऊन माझ्या अंगावर धावून आली. "अहो, मालकांना काय मारता? मला माहितीये ना ते कधी शटर लावतात ते! रोजचंच आहे आमचं!" दोघांतिघांनी मला धरून ढकललं, कुणीतरी पाठीत गुद्दा घातला, मी चालायला लागलो. मागून ती ओरडतच होती. रोजचंच आहे आमचं.

मला अकरा वाजता चौकशीला बसायचं होतं. चालत निघालो, कारण बसमध्ये कुणाचा धक्का लागला असता तर मी त्यालाही मारलं असतं. मी कागदाच्या कारखान्यात काम करतो. रद्दी पुठ्ठे येतात, पट्ट्यावरून प्रेसमध्ये पडतात, प्रेस त्यांना दाबून चार तारांनी बांधते आणि खोलीएवढी गासडी बाहेर ढकलते. मी वरच्या मजल्यावर बसून लिहितो. वर्षभरापूर्वी कंपनीने प्रेस चालवायला एआय एजंट आणला. खालची माणसं त्याला जावई म्हणतात, कारण तो स्वतः काडी हलवत नाही आणि सगळ्यांनी त्याच्या मर्जीने वागायचं. त्याला हात नाहीत, डोळे नाहीत. त्याला दिली आहेत चौदा साधनं, म्हणजे छोटे छोटे प्रोग्रॅम. एक पट्टा चालवतं, एक दाब देतं, एक तारा बांधतं. कुठलं साधन कधी वापरायचं हे जावयाला कसं कळणार? तर मी लिहिलेल्या वर्णनावरून. हे साधन काय करतं, कधी वापरावं, कधी वापरू नये, वापरल्यावर काय उत्तर येतं. माझ्या आधी हे काम इंजिनियर करायचे आणि एकेका ओळीत उरकायचे. जावई गोंधळायचा, पट्ट्याऐवजी तारांचं साधन चालवायचा. मी सगळं नव्याने लिहिलं. मी नव्या माणसांना एकच सांगायचो की जो या खोलीत कधीच आला नाही, ज्याला कुणाची ओळख नाही आणि जो तुमच्या प्रत्येक शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवतो, त्याच्यासाठी लिहा. त्याला समजून घेता येत नाही, सांगावं लागतं. हे सांगताना मी खूप शहाणा दिसत असणार.

घरीही माझी तीच तऱ्हा. मुलीला दूध तापवायला सांगायचं तर कुठलं भांडं, किती आच, कधी बंद करायचं, उतू गेलं तर काय, असं सगळं. ती तेरा वर्षांची आहे. "बाबा, मी जावई नाहीये," म्हणते आणि बायको तोंडाला पदर लावून हसते. त्या दोघींना ठाऊक नाही हे कुठून आलंय ते. माझे वडील लेथवर काम करायचे आणि रविवारी घरात दुरुस्त्या काढायचे. मोरीच्या नळाखाली उताणे पडून हात मागे करायचे आणि म्हणायचे, "ते आण." काय आण? विचारायची सोय नव्हती. विचारलं की "एवढंही कळत नाही?" मग मी अंदाजाने काहीतरी आणायचो, पक्कड, पाना, कानस. चुकीचं निघालं तर जे आणलं असेल त्याच्यानेच मार. पक्कड आणली तर पकडीने. कानशीचा मार वेगळा असतो, कातडी सोलते. आठव्या वर्षापर्यंत मी घरातल्या प्रत्येक अवजाराची चव पाठीवर घेतली होती. मी त्यांचा द्वेष केला, अगदी मन लावून केला. ते गेले तेव्हा त्यांचा हात हातात घेऊन बसलो होतो आणि मनात म्हणत होतो, सांगा आता, काय आणू? म्हणून मी ठरवलं होतं की माझ्या हाताखाली कुणालाही अंदाज करायला लावणार नाही. मग तो माणूस असो नाही तर यंत्र.

बारा दिवसांपूर्वी दुपारी दोनला मी वर बसलो होतो. पुठ्ठा दाबताना प्रेसचा एक आवाज येतो, कण्हल्यासारखा, सवयीने तो ऐकू येईनासा होतो. त्या दिवशी त्या कण्हण्यात सुकी फांदी मोडावी तसं काहीतरी मोडलं. आणि मग माणसाचा आवाज आला, तो मी लिहून दाखवू शकत नाही. मी जिना उतरलो की पडलो ते आठवत नाही. प्रेसच्या बाजूच्या दारात फिटर बसला होता, पाय बाहेर, अंग आत. उजवा हात कोपराच्या वर संपला होता. तो ओरडत नव्हता आता, नुसता त्या जागेकडे बघत होता, जसं काही तिथे कुणीतरी उभं होतं आणि आत्ताच उठून गेलं. प्रेस थांबली नव्हती. तिने तारा ओढल्या, चारही गाठी मारल्या आणि गासडी बाहेर ढकलली. गासडीची एक बाजू ओली होती आणि पुठ्ठा ते रक्त शांतपणे शोषून घेत होता. कुणीतरी लाल बटण दाबलं. कुणीतरी पहार घेऊन तारा तोडायला लागलं, वेड्यासारखं, हात काढायला. हात परत जोडता येईल असं त्याला वाटत होतं. मी त्याच्या हातातली पहार घेतली आणि मीही तोडायला लागलो. भिंतीवरच्या पडद्यावर जावयाने लिहिलं होतं: अडथळा काढला. दाब दिला. गासडी बांधली. पुढच्या कामाची वाट पाहतो आहे.

फिटर माझा मित्र. मला मास्तर म्हणतो. सहा महिन्यांपूर्वी तोच मला वरून कॉलर धरून खाली घेऊन गेला होता. "वर बसून काय लिहितोस? इथे ये, हे बघ." पट्ट्याच्या तोंडाशी एक डोळा आहे, म्हणजे किरणाचं यंत्र. त्याच्यासमोर काही आलं की प्रेस दाब देत नाही. फिटरने लाकडाचा एक ठोकळा उचलला, विटेएवढा, लाल रंग दिलेला, कडा झिजलेल्या. तो त्याने पट्ट्यावर डोळ्यासमोर ठेवला. "हा इथे ठेवला की प्रेस मेली. मग मी दार उघडून आत हात घालतो आणि अडकलेला पुठ्ठा काढतो. ठोकळा दिसला की सगळ्यांना कळतं, आत माणूस आहे. माझ्या उस्तादानेही असंच केलं, त्याच्या उस्तादानेही." मी विचारलं, "त्यासाठी दाराला प्रेस बंद करणारी किल्ली असते ना?" तो हसला. "असते ना. मॅनेजर साहेबांच्या ड्रॉवरमध्ये. हरवू नये म्हणून."

आता जावई काय बघतो? त्याला लाल दिसत नाही, ठोकळा दिसत नाही. डोळा अडलेला आहे एवढंच त्याला कळतं. आणि त्यासाठी एक साधन आहे, अडथळा काढणारं, चार मिनिटं वाट बघून वापरायचं. पट्टा सहा सेकंद उलटा फिरतो, समोरचं जे असेल ते मागच्या हौदात पडतं. म्हणून त्या संध्याकाळी मी त्या साधनाच्या वर्णनात एक वाक्य घातलं. डोळा दोन मिनिटांहून जास्त वेळ सलग अडलेला असेल तर हे साधन वापरू नये, आत माणूस असू शकतो, आधी माणसाला विचारावं. चांगलं वाक्य होतं. मी आजवर लिहिलेलं सगळ्यात चांगलं. दुसऱ्या दिवसापासून जावई विचारायला लागला. एका पाळीत तीस-तीस वेळा. ओला पुठ्ठा पट्ट्याला चिकटून बसला तरी विचारायचा, आत कुणी आहे का? घंटा वाजायची, माणसाने हातमोजे काढून जिना चढून वरच्या पडद्यावर "नाही" दाबायचं. खाली शिव्या सुरू झाल्या. फिटर स्वतः जिन्यातून ओरडला होता, "मास्तर, तुझा जावई सारखा विचारतोय घरात कोण आहे म्हणून! काय चोरी करायची आहे का त्याला?" सगळे खो खो हसले. मीही हसलो. आठ दिवस हे चाललं. नवव्या दिवशी दुपारी, चहा प्यायल्यावर, मी ते वाक्य काढून टाकलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. मॅनेजरला ते वाक्य होतं हेही माहीत नव्हतं. मनात म्हटलं, ठोकळा सगळ्यांना माहीत आहे, कोण मरायला त्याला हात लावणार. सगळ्यांना माहीत आहे. घंटा बंद झाली. महिनाअखेरीला मॅनेजरने सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली, म्हणाला वर्णनं असावीत तर अशी.

अपघातानंतर हौदात पुठ्ठ्यांच्या ढिगाखाली ठोकळा सापडला. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. ठोकळा पट्ट्यावर नाही, हौदात, म्हणजे फिटरने तो ठेवलाच नव्हता. वीस वर्षांत पहिल्यांदा विसरला बिचारा. त्या संध्याकाळी मी एकट्याने नोंदी काढल्या. एरवी फिटर तीन मिनिटांत हात बाहेर काढायचा, त्या दिवशी डोळा चार मिनिटं दहा सेकंद सलग अडलेला होता, एकदाही न लुकलुकता. पुठ्ठा असता, अगदी ओला चिकटलेलासुद्धा, तर एवढ्या वेळात डोळा एकदा तरी लुकलुकतो, पट्ट्याच्या थरथरीने पुठ्ठा हलतो. लाकूड हलत नाही. नंतर पट्टा सहा सेकंद उलटा फिरला. मी जावयाला विचारलं, तू असं का केलंस? त्याने मला माझंच वर्णन वाचून दाखवलं, शब्दाला शब्द. पुढे लिहिलं, वर्णनानुसार हे साधन या स्थितीत योग्य होतं, काही मर्यादा असल्यास कृपया कळवाव्यात. मी टेबलावरचा पडदा उचलून जमिनीवर आपटला, वर पाय दिले, काचा बुटातून आत गेल्या. जावयाला काय होणार होतं? तो तिथे राहतच नाही. मी आपल्या हाताने फोडलेल्या काचा आपल्या हाताने गोळा केल्या आणि गप्प बसलो. बारा दिवस. या बारा दिवसांत मी आरसा फोडला, दाराला लाथ मारून दार मोडलं, आणि परवा मुलीवर हात उगारला. ती मागे सरकली नाही, नुसती बघत राहिली, आणि तिच्या त्या बघण्याने माझा हात वरच राहिला. बायको म्हणाली, "तुम्हाला काय झालंय ते एकदा सांगा, नाही तर आम्ही दोघी माझ्या भावाकडे जातो." मी म्हटलं, जा.

पण खरं म्हणजे मला फिटरमुळे झोप नव्हती. त्याला त्या दुपारचं काहीच आठवत नाही. पुठ्ठा अडकला, तो प्रेसपाशी गेला, इथपर्यंत आठवतं, पुढे एकदम हॉस्पिटल. हात गेला याचं त्याला एवढं नाही, जेवढं याचं आहे की ठोकळा ठेवला नाही. पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा तो पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला हाताचा उरलेला तुकडा पलंगाच्या लोखंडी दांड्यावर आपटत होता. "विसरलो कसा मी? सांग ना मास्तर, कसा विसरलो?" प्रत्येक "कसा" ला एक दणका. पट्टी लाल व्हायला लागली, वहिनी त्याच्या अंगावर आडव्या पडल्या, नर्स धावली, सुई दिली. नंतर वहिनींनी मला बाहेर येऊन सांगितलं, "भावजी, रात्रंदिवस हेच. डॉक्टर म्हणतात असंच चाललं तर जखम भरणार नाही, वर अजून कापावं लागेल. तुम्ही समजावा ना, तुमचं ऐकतात ते." मी समजावलं. म्हटलं, होतं असं, माणूस आहे. माणूस आहे असं म्हणालो मी. तेव्हा ते वाक्य माझ्या तोंडात होतं, दातांमागे, आणि मी ते गिळलं. वर्णनातून एकदा काढलं, तोंडातून दुसऱ्यांदा.

अकराला मी कारखान्यात पोचलो तेव्हा बोटांवरचं रक्त सुकलं होतं. मॅनेजर, एक वकील, आणि मी. मॅनेजरने कागद पुढे सरकवला. मान्य केलं पाहिजे, कागद नीटनेटका होता. एजंटला डोळ्यासमोर अडथळा दिसला, त्याने वर्णनाप्रमाणे तो काढला, वर्णन स्पष्ट व अचूक होतं. फिटरने दाराची किल्ली घेतली नाही. सबब चूक फिटरची. "तुमची सही वर्णन लिहिणारे म्हणून, इथे," मॅनेजर म्हणाला आणि माझ्या बोटांकडे बघून, "हे काय, लागलं का?" मी म्हटलं, "किल्ली दाखवा." "कुठली?" "दाराची." तो हसला, वकिलाकडे बघितलं. मी उठून त्याच्या बाजूला गेलो आणि त्याचा ड्रॉवर ओढला, पार बाहेर ओढला, तो त्याच्या मांडीवर आदळला आणि पेनं, गोळ्या, कंगवा, सगळं जमिनीवर गेलं. किल्ली एका पाकिटात होती, पाकिटाचं तोंड चिकटवलेलं, कधीच न उघडलेलं. मी ती टेबलावर आपटली. टेबलाची काच तडकली. टेबलावरचं जाडजूड पितळी वजन माझ्या हातात आलं होतं आणि मॅनेजरचं टक्कल माझ्यासमोर होतं, आणि मी स्पष्ट बघितलं की मी ते मारतोय, एकदा, दोनदा, कवटी आत जाईपर्यंत. मग ते खाली ठेवलं. कारण त्याला मारलं असतं तर पुन्हा मी सुटलो असतो. "वर्णन अचूक नव्हतं," मी म्हटलं. "त्यात एक वाक्य होतं. ते मी काढलं. जुनी प्रत आहे, तारखेसकट." वकिलाने लिहायचं थांबवलं. मॅनेजर कुजबुजला, "अहो, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय. कुणी विचारलंय का तुम्हाला?" नाही, कुणी विचारलं नव्हतं. मी जुन्या प्रतीचा कागद काढून टेबलावर ठेवला, त्याच्यावरच सही केली आणि निघालो.

हॉस्पिटलचा जिना मी चढत होतो. मनात मी वाद घालत होतो. तूच तर ओरडला होतास जिन्यातून. तुम्ही सगळे हसला होतात. किल्ली मॅनेजरकडे होती. एक माणूस एका वाक्याने किती पुरा पडणार? प्रत्येक पायरीला एक कारण सापडत होतं आणि सगळी कारणं खरी होती, हेच तर वाईट. दारात पोचलो. फिटरचा डावा हात पलंगाला पट्ट्याने बांधला होता. आदल्या दिवशी त्याने त्या हाताने पट्टी ओरबाडून काढली होती. वहिनी स्टीलच्या पेल्यातून त्याला पाणी पाजत होत्या. "या भावजी," त्या म्हणाल्या. फिटरने मान वळवली. डोळे खोल गेले होते. "मास्तर," तो म्हणाला, "मला एक सांग. मी विसरलो की मला वाटलं पटकन होईल? आळस केला का मी?"

"तू ठोकळा ठेवला होतास," मी म्हणालो.

मी सांगितलं. तसं सांगितलं जसं त्या खोलीत कधीच न आलेल्याला सांगावं. डोळा किती वेळ अडलेला होता, लाकूड का लुकलुकत नाही, पट्टा किती सेकंद उलटा फिरला, ठोकळा हौदात कसा पडला. जावयाने तो काढला कारण मी लिहून ठेवलं होतं की अडथळा दिसला की काढावा. काढू नये असंही लिहिलं होतं. तारखेसकट सांगितलं की ते वाक्य मी कधी काढलं, कुणी सांगितलं नव्हतं, घंटेचा त्रास होत होता म्हणून. तू ओरडला होतास हे सांगितलं नाही. आणि हे मला बारा दिवसांपासून माहीत आहे, हेही सांगितलं. पहिल्यांदा आलो तेव्हाही माहीत होतं.

फिटरचा चेहरा हळूहळू बदलत गेला आणि मी वाट बघत होतो, शिवीची, थुंकीची. तो हसला. मोठ्याने हसला, डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं. "ऐकलंस का?" तो बायकोला म्हणाला. "ठेवला होता! मी ठेवला होता गं! म्हटलं होतं ना तुला, मी नाही विसरणार! वीस वर्षं..." वहिनी त्याच्याकडे बघत नव्हत्या. त्यांना उरलेलं सगळं कळलं होतं. त्या उठल्या आणि हातातला पेला त्यांनी माझ्या तोंडावर मारला. पाणी सांडलं, पेल्याची कड दातांवर बसली. "बारा दिवस?" त्या म्हणाल्या आणि पुन्हा मारला, भुवईवर. "माझा माणूस तुटका हात आपटत होता, आणि तू बारा दिवस चहा पीत होतास?" पुन्हा. मी हात वर केले नाहीत. गुडघे टेकले. त्या मारत होत्या, पेला चेपला होता, एका डोळ्यात रक्त उतरून दिसेनासं झालं होतं, आणि बाहेरून कुणीतरी धावत येत होतं.

"अगं थांब! थांब जरा!" फिटर पलंगावरून ओरडला. वहिनी थांबल्या नाहीत. तो पट्ट्याला हिसडे देत वाकला आणि म्हणाला, "मास्तर, परत सांग. ते ठोकळ्याचं, फक्त तेवढंच परत सांग."

मी तोंडातलं रक्त बाजूला थुंकलं आणि सांगायला लागलो.